थर्टी फर्स्टची शेगडी

पक्याने ऑनलाइन मागवलेला बार्बेक्यू कट्ट्यावर आणून ठेवला तेव्हा आधी नुसता हशा झाला. पत्र्याचं तबक, खाली चार काटकुळे पाय, वर जाळी. "याला पैसे दिलेस? अरे, ही तर पाय फुटलेली शेगडी," काका म्हणाले. थर्टी फर्स्टला हा प्रकार चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत पेटणार, असं पक्याने जाहीर केलं आणि मग खरी जुंपली.

मन्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच असतो. पण या वेळी तो मुद्द्याचं बोलत होता. "गॅलरी चार फूट रुंद. वरच्यांच्या साड्या तुझ्या डोक्यावर वाळतात. एका टोकाला एसीचं आउटडोअर युनिट, लागून ड्राय बाल्कनी, तिथे सिलिंडर. भिंतीपासून, कपड्यांपासून दहा फूट तरी लांब ठेवायला हवं असलं काही. तू ठेवणार कुठे, हवेत?"

"मधोमध ठेवीन. तीन बाजूंनी उघडं आहे, वारा खेळता आहे."

"वाऱ्यानेच ठिणगी उडते ना! कमला मिल विसरलास?"

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. २०१७, २९ डिसेंबरची मध्यरात्र, लोअर परळच्या गच्चीवरची रेस्टॉरंटं, १४ माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्या उडून पडदे पेटले, असं अग्निशमन दलाच्या चौकशीत निघालं होतं. बरेचसे भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले.

"ते हॉटेल होतं. बांबू, पडदे, ताडपत्री. माझ्याकडे कुठे काय आहे?" पक्या.

"पावसाळ्यात लावलेली निळी ताडपत्री काढलीस?"

पक्याने चहाच्या ग्लासात बघितलं. काढली नव्हती.

मग गाडी गच्चीवर गेली. काकांचा गच्चीला पाठिंबा, मन्याचा अर्धा. गच्चीवर प्लॅस्टिकच्या टाक्या, केबलच्या वायरी, आणि मागच्या वर्षी वॉटरप्रूफिंगला टाकलेली डांबरी शीट. या शेगडीचे पाय वीतभर, पत्रा पातळ, म्हणजे धग सरळ खाली. शेवटी ठरलं की कोपऱ्यात जिथे उघडी फरशी आहे तिथे विटांचा थर द्यायचा आणि त्यावर ठेवायची, शेजारी वाळूची एक बादली, पाण्याची एक. मटणाची चरबी ठिबकून जाळ उठला तर त्यावर पाणी मारायचं नाही, पेटलेलं तेल चौफेर उडतं. वरून झाकण टाकायचं, हवा तोडायची. जिन्यातलं आग विझवायचं लाल सिलिंडर वर आणून ठेवायचं, आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का ते आधी बघायचं. (मन्या जाऊन बघून आला. आल्यावर त्या विषयावर गप्प होता. कमिटीचाच माणूस!)

पेटवायला पक्याच्या डोक्यात सॅनिटायझर होता. लॉकडाऊनपासून घरात पाच लिटरचा कॅन पडून आहे म्हणे. काका एवढे चिडलेले आम्ही पहिल्यांदा पाहिले. "त्याची ज्योत उजेडात धड दिसत सुद्धा नाही. विझलं म्हणून वरून ओतायला जाशील आणि जाळ धारेवर चढून हातातल्या कॅनपर्यंत येईल. कापराच्या वड्या घे, नारळाची शेंडी घे. दम धर."

इतपत सगळे एका बाजूला आले होते. तेवढ्यात पक्या सहज बोलून गेला, "आणि फारच गारठा पडला तर हॉलमध्ये घेऊ. नुसते निखारे असतील तेव्हा. जाळ नाही, धूर नाही."

माझ्या मते सगळ्या चर्चेत घातक वाक्य हेच होतं, आणि नेमकं त्यालाच काकांनी दुजोरा दिला. "आमच्या घरी बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी असायची. दार लावून. ओवा टाकायचे वर. कोणाला काही झालं नाही."

"काका, तुमचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून निम्मी हवा जात-येत होती. आमच्या स्लाइडिंग खिडक्या लावल्या की मुंगी आत येत नाही."

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. धूर दिसेनासा झाला तरी निघत राहतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. थर्टी फर्स्टच्या रात्री एखादा सोफ्यावर कलंडला तर बाकीचे काय म्हणणार? चढली साल्याला, झोपू दे.

काका यावर काही बोलले नाहीत. बहुतेक पटलं असावं. कबूल करतील असं मात्र नाही.

नाक्यावरच्या कबाबच्या गाडीवाले भाई आवराआवर करत करत आमचं ऐकत होते. त्यांनी हाक मारली, "इकडे या, एक गंमत दाखवतो." शेगडीत राखेने पांढरेफटक झालेले कोळसे पडले होते. आम्हाला ते मेल्यासारखेच वाटले. भाईंनी त्यातला एक चिमट्यात धरून त्यावर फुंकर मारली. लालबुंद! मग पाण्याच्या बादलीत टाकला, चर्र झालं. एकेक उचलायचे, एकेक बुडवायचे, शेगडीत एकदम पाणी ओतायचं नाही, नाहीतर वाफ आणि राख थेट तोंडावर. सुरुवातीच्या काळात त्यांनी 'विझलेले' कोळसे कचराकुंडीत टाकले होते. पहाटे कुंडी पेटली. "कोळसा दुसऱ्या दिवशीपर्यंत गरम राहतो, शेठ. तुम्ही झोपता, तो नाही झोपत."

परत येऊन बसलो. मन्याने मोबाइलवर यादी करायला घेतली. विटा पक्या आणणार, वाळू समोरच्या बांधकामावरून मी, परवानगीचं मन्या बघणार.

"आणि रात्री दोन वाजता एकेक निखारा बादलीत कोण बुडवणार?"

"मी," पक्या म्हणाला.

"तू साडेबाराला आडवा असतोस."

मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका आठ दिवस पथ्यावर होते, दारू बंद, मटण बंद. "मेल्यांनो, खायचं तुम्ही आणि राखण मी करायची?" असं म्हणाले खरे, पण यादीत नाव घालू दिलं.