हॅमॉक स्वस्तातला घ्या, पट्टे मात्र स्वस्तातले नकोत

थंडी पडायला लागली की इनबॉक्समध्ये तोच प्रश्न यायला लागतो. "पोरांना घेऊन रानात मुक्कामाला जायचंय, चौघांसाठी स्वस्तातले हॅमॉक कुठले घेऊ?" प्रत्येकीला वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकते.

हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी. चार घेऊ नका. दोन घ्या, अगदी साधे, दिवसा लोळायला. रात्री सगळ्यांनी तंबूत झोपायचं. उरलेले पैसे हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्यांवर घाला.

आता भांडू या. हॅमॉकवर झोपलं की तंबूचे पैसे वाचतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी कागदावर हिशेब मांडावा. चौघांचा बऱ्यापैकी तंबू चार-पाच हजारांत येतो. चार हॅमॉक, चार जोड पट्टे, चार मच्छरदाण्या, अवकाळी पावसासाठी वर ताडपत्र्या, एवढं धरलं की आकडा तंबूच्या पुढे जातो. त्यात थंडी. हॅमॉकमध्ये खालून वारा लागतो आणि स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग काही ऊब देत नाही. डिसेंबरात वेल्ह्याकडे किंवा भंडारदऱ्याला पहाटे पाठ गारठून उठायचं नसेल तर प्रत्येकाखाली फोमची मॅटही हवी. आणि चार हॅमॉकला जवळजवळ दुप्पट धडधाकट झाडं लागतात, योग्य अंतरावरची. सह्याद्रीत अशी जागा मिळाली तर मला लोकेशन पाठवा.

कापडाबद्दल फार डोकं खाऊ नका. पॅराशूटसारखं पातळ नायलॉन, शिवण दुहेरी-तिहेरी, दोन्ही टोकांना कापड गोळा करून बांधलेलं, लांबी 270 सेंमीच्या आसपास. हजाराच्या आत मिळतो, घडी केली की पिशवीच्या कोपऱ्यात बसतो, ओला झाला तर तासाभरात वाळतो. दुकानात टोकाची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. टाक्यांच्या भोकातून उजेड दिसला तर परत ठेवा.

सगळ्यात स्वस्त असतो तो सुती किंवा नायलॉन दोरीच्या जाळीचा. मुलं असतील तर तो घरात आणूच नका. बटणं अडकतात, बोटं अडकतात आणि मान अडकू शकते. अमेरिकेत 1996 साली असे जाळीचे छोटे हॅमॉक लाखोंच्या संख्येने बाजारातून परत मागवले होते, कारण चढता-उतरता जाळीत गुरफटून मुलं दगावली होती. ती तान्ही नव्हती, मोठी शाळकरी मुलं होती. दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेले फोटोत छान दिसतात, पण त्यात बसलेल्याचा तोल वर राहतो आणि पोरगं कडेला सरकलं की अख्खा हॅमॉक उलटतो. तो रिसॉर्टवाल्यांना लखलाभ.

"डबल" लिहिलेला घेऊ का? रुंदी जास्त मिळते, एकाला तिरकं झोपून पाठ सरळ ठेवता येते, एवढ्यासाठी घेतला तर ठीक. दोन मुलं एकात घालायला घेत असाल तर पाचव्या मिनिटाला दोघं मध्यावर एकमेकांच्या अंगावर घसरतात आणि मग कोणाची कोपरं कोणाच्या डोळ्यात हे सोडवत बसा.

खरा मुद्दा पट्ट्यांचा. स्वस्त हॅमॉकबरोबर जी बारीक नायलॉनची दोरी फुकट देतात ती कपडे वाळत घालायला वापरा. दोरी झाडाची साल कापते आणि सालीखालच्या जिवंत थराला इजा करते. शिवाय नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं. रात्री दोन फुटांवर असलेला हॅमॉक दवाने सकाळी जमिनीला टेकतो. पॉलिस्टरचा, किमान एक इंच रुंद पट्टा हवा. तयार जोडी नको असेल तर पुण्यात बोहरी आळीत दोर-ताडपत्रीच्या दुकानांत मीटरवर मिळतो. सामान बांधायच्या बेल्टसाठी वापरतात तो मागा. नवार चालेल का, असं एका मावशींनी विचारलं होतं. खाटेची सुती नवार खाटेलाच बरी. पट्ट्याला हॅमॉक अडकवायच्या हुकवर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असावा. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा ताण. आकडा नसलेला रंगीत हुक घराच्या चाव्यांना लावा.

पाकिटावर "300 किलो क्षमता" छापलेलं असतं, त्यावर भाळू नका. ताण किती येणार हे तुम्ही कसं बांधता त्यावर ठरतं. मी आणि धाकटी मिळून 85 किलो धरा. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर 85 किलोच येतात. तोच हॅमॉक नवऱ्याच्या हौसेने ताठ ओढून 10 अंशांवर आणला की प्रत्येक बाजूला 245 किलोच्या आसपास. त्यात पोरांनी उडी मारली की विचारूच नका. म्हणजे सैल बांधलेला हॅमॉक भक्कम, आणि ताठ बांधलेला जिवावरचा. कोन मोजायला काही लागत नाही. 270 सेंमीच्या हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये 225 सेंमीची पक्की दोरी कायमची बांधून ठेवा. ती रिकाम्या हॅमॉकवर जेमतेम ताठ झाली की झोळ बरोबर आहे. दहा रुपयांचं काम.

झाडं. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा. खोड दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही इतकं जाड आणि जिवंत. शेवगा कितीही मोठा दिसला तरी ठिसूळ. माडाखाली नारळ पडतात, तिथे समुद्राचा व्ह्यू असला तरी नाही. पांगारा आणि सावरीला काटे. बिब्बा ओळखायला शिका, त्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात. पावसाळा संपल्यावर झुडपांवर खाजकुइलीच्या शेंगा असतात, त्या वाऱ्याच्या दिशेलाही नकोत. आंब्यावर लाल मुंग्यांनी पानं चिकटवून केलेली घरटी दिसली तर दुसरा आंबा शोधा. वर मान करून आग्या मोहोळ आहे का आणि वाळकी फांदी लोंबतेय का, हे मुलांनाच बघायला लावा; त्यांना ते काम फार आवडतं.

गडावरच्या खांबाला, कमानीला, पडक्या भिंतीला हॅमॉक बांधणाऱ्यांची रील्स बघून माझं डोकं फिरतं. वारशाचं नुकसान तर आहेच, पण भिंत आडव्या ताणासाठी बांधलेली नसते. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत विटांच्या खांबाला बांधलेल्या हॅमॉकमध्ये दोन बहिणी बसल्या होत्या, खांब कोसळून दोघी गेल्या. तो खांब तर घराच्या अंगणातला होता. आपण शेकडो वर्षांच्या, चुना निखळलेल्या दगडांवर लेकरं टांगतो.

आमच्याकडचे नियम थोडे आहेत. माणूस बसल्यावर तळ गुडघ्याच्या वर नाही. खाली दगड नाही, मूळ नाही, चूल तर नाहीच. उभं राहायचं नाही. हॅमॉक गुंडाळून "अळी अळी" खेळायचं नाही. उतरताना आधी चपला, अंधार असेल तर आधी टॉर्च. कोकणात फुरसं पाचोळ्यात दिसतही नाही. चेनची मच्छरदाणी असलेला हॅमॉक, ज्या मुलाला आतून चेन उघडता येत नाही त्याच्यासाठी नाही.

तान्ह्या बाळाचं काय? ऊसतोडीच्या फडाशेजारी साडीची झोळी बांधतात, आपणही तसेच वाढलो, हे मला कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. ती झोळी आईच्या नजरेसमोर असते, आणि तिथेही ती हौस म्हणून नाही, पाळणाघर नाही म्हणून असते. वाकलेल्या कापडात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. बाळाला तंबूत सपाट जागेवर झोपवा.

जागेचं म्हणाल तर अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय मुक्काम करू नका. त्यापेक्षा गावात जाऊन एखाद्या मामांना विचारून त्यांच्या बांधावर राहावं. कुठल्या झाडाला बांधायचं हे तेच सांगतात, पाणी दाखवतात, जेवणाचंही होतं. त्यांच्या हातावर पैसे ठेवायला लाजू नका, आणि ते नको म्हणाले तरी ठेवा.

ता. क. दिरांनी भेट दिलेला एक डबल हॅमॉक आमच्याकडे न वापरता पडून आहे. कोथरूडला येऊन कोणी घेऊन जाणार असेल तर मेसेज करा.