टाचा आपटून जठर खाली येत नाही

'हायटस हर्निया सात दिवसांत बरा, ॲसिडिटीच्या गोळ्या कायमच्या बंद' हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवरून आत्याकडे पोचला आणि तिने पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी बंद केली. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या होत्या, तरी! म्हणून हे लिहितेय.

मेसेज म्हणतो, सकाळी दोन ग्लास कोमट पाणी प्या, चवड्यांवर उभे राहा आणि टाचा दणकन आपटा. पाण्याच्या वजनाने वर सरकलेलं जठर जागेवर येतं म्हणे. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिका जाण्यापुरतं भोक असतं. ते सैल पडलं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो, हाच हायटस हर्निया; त्यामुळे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढू शकतं. बहुतेकांचा हर्निया असा सरकताच असतो. गिळताना, श्वास घेताना तो आपोआप वरखाली होतो. समजा, टाचा आपटून खाली आला. पुढच्या खोकल्याला, केर काढायला वाकल्यावर परत वर जाणार, कारण भोक तेवढंच आहे. ते आवळायला ऑपरेशनच लागतं, आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. आत्या मात्र ओट्याला धरून रोज दणके देत होती. तिची हाडं ठिसूळ आहेत. मणका दबला असता तर?

त्याच मेसेजात पुढे भीती घातलीय की या गोळ्यांनी हाडं मोडतात, किडनी जाते, विस्मरण होतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७ हजारांहून जास्त लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून पँटोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी दिली आणि सुमारे तीन वर्षं पाहिलं. यातलं काहीही वाढलं नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे जास्त झाले.

'आम्ल कमी पडतं म्हणून जळजळ, व्हिनेगर घ्या' हे तर सरळ घातक आहे. जठराला आतून आम्लापासून संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. तिथल्या जखमेवर आणखी आम्ल कशाला ओतायचं? थंड दूध, खायचा सोडा वगैरेंनी घटकाभर बरं वाटतं, इतकंच.

एक मान्य करावं लागेल: गरज संपल्यावरही वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत, आणि एकदम थांबवल्या तर काही दिवस आम्ल उसळून येतं. पण म्हणून डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, मेसेज वाचून नव्हे.

गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्या. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, वजन उतरवा. घास अडकत असेल, वजन आपोआप घटत असेल, शी काळी होत असेल तर ताबडतोब दाखवा. आणि छातीत दुखून घाम फुटला तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका, आधी ईसीजी काढा.