टेक, ड्रॉप आणि समोरच्या आयी

शांघायमध्ये आमच्या समोरच्या दारात आयी राहतात. आयी म्हणजे चिनी भाषेत मावशी. घरकामाच्या बाईंनाही तिथे आयीच म्हणतात. आपण मावशी म्हणतो तसंच. पण "आयींनी आज भाजीचे बाओझ (भरलेले वाफवलेले पाव) पाठवले," असं मी फोनवर सांगितलं की साताऱ्याच्या बाजूने दोन सेकंद काही ऐकू येत नाही. मग हळूच प्रश्न येतो, "तिला आई म्हणायला लागलीस होय?"

आयींचं एक वेळ ठीक. त्यांचे यजमान म्हणजे काका, आणि चिनी भाषेत काकांना काय म्हणतात ते मराठी माणसाने बसूनच ऐकावं. शूशू. पासष्टीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालणारे, एका कारखान्याचे हिशेब आयुष्यभर सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. भर लिफ्टमध्ये त्यांना 'शूशू' म्हणून हाक मारायला मला सहा महिने लागले. तोवर नुसती मान हलवायचे. माझा पाच वर्षांचा मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून खणखणीत हाक मारतो, आणि मी अजूनही सवयीने त्याला बाथरूमकडे ओढते.

आयींचा मुलगा सिडनीला असतो. सून तिकडचीच. नातू सव्वा वर्षाचा. सुनेशी आपलं आपण बोलता यावं म्हणून आयींना इंग्रजी शिकायचं होतं, आणि मला चिनी. सौदा ठरला: मंगळवार-शुक्रवार, अर्धा तास त्यांचा, अर्धा माझा. मी बँकेतली नोकरी सोडून नवऱ्याच्या बदलीमागे आलेली बाई. शिकवण्याचा अनुभव म्हणाल तर मुलाचा गृहपाठ. तरी आयी मला पहिल्याच दिवशी 'लाओशी' म्हणाल्या. लाओशी म्हणजे गुरुजी. तो शब्द अंगावर शालीसारखा पडला आणि माझी बुद्धी फिरली. मी फर्मान काढलं: सुनेचा निरोप आला की फोनमधलं भाषांतराचं बटण दाबायचं नाही. स्वतः वाचायचं, स्वतः अर्थ लावायचा.

सुरुवातीला 'टेक' घेतलं, कारण सोपं. आयींच्या शब्दकोशात त्यासमोर 'ना' असं होतं, म्हणजे हाताने उचलून घेणं. आयींनी गरम पाण्याचा थर्मास उचलून दाखवला. "आय टेक." वा! एक क्रियापद दहा मिनिटांत निकालात. मी उत्साहाने पुढचं वाक्य दिलं, "आय टेक द बस."

आयींनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली उभ्या असलेल्या बसकडे.

चिनी माणूस बसमध्ये बसतो, ती घेत नाही. औषधही घेत नाही, खातो. फोटो घेत नाही; त्याच्या फोटोच्या क्रियापदाचा मूळ अर्थ थोपटणं. 'टेक युवर टाइम' हे आपल्याकडे जसं 'सावकाश' तसं त्यांच्याकडे 'मान मान लाय', हळूहळू ये. म्हणजे इंग्रजीतला एक 'टेक' आयींच्या वहीत पाच वेगवेगळ्या क्रियापदांसमोर जाऊन बसला आणि मूळचा 'ना' बिचारा थर्माससकट एकटा पडला. चपला काढायला 'टेक ऑफ' हे मी दारातच शिकवून ठेवलं होतं. त्यावर 'द प्लेन टेक्स ऑफ' आल्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या शूशूंनी मान वर करून विचारलं, "काय काढतं?"

सगळ्यात वाईट अवस्था 'टेक आफ्टर'ने केली. मी नातवाचा फोटो दाखवून म्हटलं, "ही टेक्स आफ्टर हिज फादर." म्हणजे बापावर गेलाय. आयींनी शब्द सुटे केले: तो घेतो, नंतर, बापाच्या. शूशू म्हणाले, "बरोबर आहे. बाप असेतोवर काय मिळणार?"

आता यात इंग्रजीचा तरी काय दोष? 'टेक' हे मुळात तिचं नव्हेच. उत्तरेकडून होड्या घेऊन आलेल्या व्हायकिंगांनी ते इंग्लंडात आणलं, आणि तिथलं जुनं घरचं क्रियापद हळूहळू हद्दपार झालं. 'घेणे' हा शब्द लुटारूंकडूनच उसना घ्यावा, यात एक प्रामाणिकपणा आहे. आणि एकदा घरात शिरल्यावर जे व्हायचं तेच झालं. एकत्र कुटुंबात जी सून कुठल्याही कामाला हो म्हणते तिच्याच अंगावर दळण, पाहुणे आणि सासऱ्यांचं पथ्य येतं. भाषेतही आखूड, हाताशी असलेल्या क्रियापदावरच सगळे अर्थ पडतात. लांबलचक शब्द मोठ्या जावेसारखे एक काम धरून बसतात.

हे मला आधी सुचलं असतं तर मी 'रन'च्या वाटेला गेले नसते. कुठेतरी वाचलेलं शूशूंना सांगून बसले की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात पूर्वी सगळ्यात जास्त अर्थांचा मान 'सेट'चा होता, १९८९ च्या आवृत्तीत क्रियापद म्हणून ४३० अर्थ. पुढे नव्याने काम करताना 'रन'चे मोजले तर भरले ६४५. हिशेबनीस माणसाला आकडा सांगू नये. त्यांनी बिया बाजूला ठेवल्या, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "रोज एक शिकलं तर पावणेदोन वर्षं. फक्त धावायला."

मग आत जाऊन त्यांनी मुलाचं जुनं पुस्तक आणलं. चिनी मुलं परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करतात त्यातलं, अकारविल्हे. पहिली दोन पानं हाताळून काळी झालेली, कोपरे गेलेले, पुढची दोनशे कोरी करकरीत. यादीत पहिल्यांदा येणारा शब्द 'अबँडन'. सोडून देणे. चीनमधल्या शिकणाऱ्यांत हा फार जुना विनोद आहे: पुस्तक उघडलं, पहिला शब्द पाठ केला आणि तो लगेच अमलात आणला. शूशूंनी पुस्तक मिटलं आणि परत बियांकडे वळले. विद्यार्थी क्रमांक दोन गेला.

माझ्या अर्ध्या तासात मात्र सूड उगवायची संधी होती. आयींनी मला 'ता' शिकवलं. रोमन लिपीत ते 'डी'ने लिहितात, पण कानाला स्वच्छ 'ता' येतं. प-फ, त-थ, क-ख हे फरक आपल्या कानाला जन्मतःच कळतात, त्यामुळे तेवढ्यापुरती मी वर्गात पहिली. ता म्हणजे मारणे. वहीत लिहिलं: मारणे. दुसरं वाक्य आलं, फोनला मारणे. तिसरं, टॅक्सीला मारणे, म्हणजे हात करून थांबवणे. छत्री मारणे म्हणजे उघडून डोक्यावर धरणे. स्वेटर मारणे म्हणजे विणणे. शिंक मारणे, जांभई मारणे, आणि रोज सकाळी खाली बागेत आजोबालोक मारतात ते थायची, म्हणजे आपण ताई-ची म्हणतो तो संथ व्यायाम.

"आयी," मी विजयी स्वरात म्हटलं, "एक शब्द आणि एवढे अर्थ? कुणी शिकायचं हे?"

आणि बोलता बोलताच माझा आवाज खाली आला. कारण मी साताऱ्याची. मीही फोन मारते. गप्पा मारते, हाक मारते, चक्कर मारते, सही मारते, कॉलेजला दांडी मारत होते. पोहणाऱ्यांच्या विहिरीत सूर मारतात आणि लग्नात कुणी डोळा मारतं. यातल्या कशातही कुणाला इजा होत नाही. मारण्याच्या बाबतीत आयींचं आणि माझं इतकं जुळलं की आम्ही दोघींनी मिळून इंग्रजीला नावं ठेवली आणि त्या दिवशीचा इंग्रजीचा अर्धा तासही त्यातच गेला.

पुढच्या शुक्रवारी बाओझचा वाडगा धुऊन परत देताना माझ्या हातून निसटला. चिनी मातीचा, निळ्या माशांचा, सहाच्या जोडातला. फरशीवर ठिकऱ्या झाल्या. आयी पटकन म्हणाल्या, "स्वेइ स्वेइ फिंग आन." फुटण्याच्या शब्दाचा आणि वर्षाच्या शब्दाचा उच्चार त्यांच्याकडे सारखाच, म्हणून काही फुटलं की 'वर्षानुवर्षं सुखाची जावोत' म्हणून टाकायचं, अपशकुन कापला जातो. मी लाजेने गुरुजीपणाच्या आड लपले. "आयी, लिहून घ्या. आय ड्रॉप्ड द बाऊल." आयींनी लिहिलं, आणि नीट लक्षात राहावं म्हणून शेजारी फुटलेल्या वाडग्याचं चित्र काढलं. चार ठिकऱ्या. एकीवर अर्धा मासा.

त्यानंतरच्या सोमवारी पहाटे, म्हणजे साडेसहाला, आमचं दार कुणीतरी तळहाताने बडवायला लागलं. उघडलं तर आयी. पांढऱ्याफटक. केस मोकळे. मागे शूशू, एका पायात चप्पल, हातात फोन, आणि फोनवर सिडनीच्या विमानांचे दर. आयींना शब्द फुटत नव्हता. त्यांनी त्यांचा फोन माझ्या नाकासमोर धरला. सुनेचा निरोप होता. जून महिना, तिकडे साडेआठ वाजून गेलेले.

"ड्रॉप्ड द बेबी ॲट डेकेअर. ही क्राइड अ बिट बट ही इज ओके नाऊ."

दुसऱ्या हातात वही होती. वाडग्याचं पान उघडं.

मी मटकन चपलांच्या कपाटावर बसले. आयींनी माझं ऐकून भाषांतराचं बटण दाबलं नव्हतं. शब्दन् शब्द स्वतः लावला होता: सुनेने बाळ पाडलं, पाळणाघराच्या फरशीवर, ते थोडंसंच रडलं, आणि ही बया 'ओके' म्हणते! मी घाईघाईने हातवारे केले. पाडलं नाही, पोचवलं, दारात, हळू, दोन्ही हातांनी. आयींचा विश्वास बसेना. शेवटी शूशूंनी मुलाला फोन मारला. पडद्यावर मुलगा आला, तो ट्रेनमध्ये होता, आणि आईबाप नि शेजारीण नाइटगाऊनमध्ये एकत्र बघून तोच घाबरला. दोन मिनिटांनी आयी भिंतीला टेकल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तिकडे मुलं पाळणाघरात *पाडतात*?"

"हो. आणि संध्याकाळी 'पिक अप' करतात," मी म्हटलं. बोलल्यावर कळलं की हे आत्ता सांगायला नको होतं.

"सकाळी पाडतात, संध्याकाळी उचलतात," शूशू चप्पल शोधत म्हणाले. "आमच्या कारखान्यात पोत्यांचं असंच असायचं."

मला हसू येत होतं, पण फार वेळ टिकलं नाही. आपण मुलाला शाळेत काय करतो? सोडतो. नोकरी सोडतो, दारू सोडतो, उपास सोडतो, पिकाला पाणी सोडतो. आणि एखाद्या बाईला नवऱ्याने सोडलेलं असतं. शूशूंच्या पुस्तकातल्या त्या पहिल्या शब्दाचा मराठी अर्थही 'सोडणे' असाच होईल. म्हणजे माझी बहीण रोज सकाळी सव्वासातला शाळेच्या फाटकाशी मुलीला 'अबँडन' करून भाजी घेत घरी येते.

आयींना मी आत बसवलं, गरम पाणी दिलं. तिथे कुठल्याही दुखण्यावर, धक्क्यावर आणि प्रेमभंगावर गरम पाणीच देतात. तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन. आपल्याकडे तर पहाटेचे चारच वाजले होते, पण आई लवकर उठणारी, आणि त्या दिवशी तिला पुण्याला जायचं होतं.

"अगं, काल तुझा फोनच लागत नव्हता. हो, जागी आहे. रात्रभर डोळा लागला नाही, पहाटे लागला तर आयी आल्या. नाही गं, बाळाला काही लागलेलं नाही, नंतर सांगते. दादाला नोकरी लागली? अरे वा! मग आता त्याच्या लग्नाच्या मागे लाग. आणि हे बघ, तुला गाडी लागते, गोळी घेऊन ठेव. पुण्याची गाडी कधी लागते स्टँडवर? पावसाची झड लागलीय ना तिकडे, छत्री घे. निघताना काहीतरी खा, वाटेत भूक लागेल. बरं ठेवू? मलाच भूक लागलीय."

फोन ठेवून वळले तर आयी पूर्ण सावरलेल्या. वही मांडीवर, नवं पान, हातात पेन्सिल. चिनी माणूस मोजताना आपल्यासारख्या चार उभ्या नि एक आडवी अशा रेघा मारत नाही. पाच रेघांचं 'चंग' हे अक्षर एकेक रेघ ओढून पुरं करतो. आयींच्या पानावर दोन अक्षरं पूर्ण होती आणि तिसऱ्याची वरची आडवी रेघ.

"लाग," आयी म्हणाल्या. उच्चार अगदी सुरेख. "अकरा वेळा. फार महत्त्वाचा शब्द दिसतो. लाओशी, अर्थ काय?"

शूशूसुद्धा उत्सुकतेने पुढे झुकले. आमच्या वर्गात ते प्रथमच स्वतःहून पुढे झुकत होते.

मी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, खाली सकाळची पहिली बस निघून चालली होती. "सांगते," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य घाईत तोंडातून मराठीतच निघालं, "पण जरा वेळ लागेल."

आयींनी तिसऱ्या अक्षराची दुसरी रेघ ओढली.