पूर्णवेळ म्हणजे नक्की किती वेळ?

तीन महिने झाले पाळणाघर शोधतेय. धाकटा अकरा महिन्यांचा, मोठी साडेतीन वर्षांची. मोठीला जागा मिळते, धाकट्याला नाही. कारण तान्ह्या बाळांमागे माणसं जास्त लागतात, एका बाईला तीन-चारच्या वर बाळं झेपत नाहीत. हे मला शंभर टक्के पटतं, माझं बाळ गर्दीत रडत पडलेलं मलाही नकोच आहे. पण मग त्याला ठेवायचं कुठे? दोघांना दोन टोकांना सोडून कामावर कधी पोचायचं?

आणि पाटीवर लिहायचं 'पूर्णवेळ', दार मात्र साडेपाचला बंद! आमची दोघांची ऑफिसं सुटतात सहाला. मग ही पाटी कुणासाठी लावलीय?

परवा एका ठिकाणी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होते. मोठी तोवर तिथल्या लाकडी घोड्यावर जाऊन बसलीसुद्धा. बाईंनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "लहान्याचं डायपर सुटलं की या." अहो, तोवर मी नोकरी कशी टिकवू?

ताप उतरल्यावरही एक दिवस आणू नका, हा नियम तर सगळीकडेच. लागण होते, मान्य. पण एकाचा ताप उतरला की दुसऱ्याला चढतो, आणि रजा संपत आल्यात.

वर ओळखीचे विचारतात, "घरी कुणी नाही का बघायला?" असतं तर फिरले असते का दारोदार?

काल रात्री मोठीने विचारलं, "आई, घोड्याच्या शाळेत कधी जायचं?"