«खताच्या नावाखाली ओला कचरा» या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या कंपोस्ट खताला एक तारा दिलात आणि लिहिलंत की पोतं उघडलं तर आत गरम, नाकाला झोंबणारा वास, काडाचे तुकडे तसेच. कोरडवाहू हरभऱ्याला एकरी 50 पोती घातली, उगवण विरळ झाली, विसाव्या दिवशी पीक पिवळं पडलं. रोप उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी जेमतेम चार, त्याही आतून पांढऱ्या. शेवटी विचारलंत, «यापेक्षा काही न घालता पेरलं असतं तर काय बिघडलं असतं?»

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. बोटभर लांबीचं काड ओळखू येतंय, रंगही अजून पिवळसर. त्या लॉटचा नमुना आमच्याकडे ठेवलेला होता. तो ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवला. पिशवी सोडली तर अमोनियाचा भपकारा आला. पिकलेल्या खताला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. म्हणजे माल कच्चा होता. ढीग तापून निवायला लागला की आमच्या माणसांना तो तयार वाटतो, पण त्यानंतर तो काही आठवडे मुरू द्यावा लागतो. पेरणीच्या घाईत आम्ही तेवढा थांबलो नाही. चूक आमची.

पिवळेपणाचं कारण बहुधा हेच. काडात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) कमी. ते जमिनीत कुजायला लागलं की जिवाणू स्वतःच्या पोटासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात. कर्ब-नत्र गुणोत्तर 20 च्या आसपास किंवा खाली आलं असेल, तर खत पिकाला देतं. 30 च्या बरंच वर असेल तर पिकाचंच घेतं. त्यात हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधायला लागेपर्यंत तीनेक आठवडे जातात, तोवर रोप बियाण्यातल्या शिदोरीवर आणि मातीतल्या नत्रावर जगतं. नेमकं त्याच दिवसांत आमच्या खताने मातीतलं नत्र अडकवून ठेवलं. शिवाय तुम्ही ते तासात, बियाण्याशेजारी दिलंत. कच्च्या खतातल्या अमोनियाने कोंब भाजतात, म्हणून उगवण विरळ. तासात देऊ नका, हे माल देताना आम्हीच सांगायला हवं होतं.

गाठींचा भाग मात्र वेगळा आहे, तिथे सगळा दोष खताच्या माथी मारता येणार नाही. हरभऱ्याला त्याचाच रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारा जिवाणू, लागतो. मूग-उडदाचा त्याला चालत नाही. शेतात पूर्वी हरभरा झाला नसेल तर तो जिवाणू मातीत जवळपास नसतोच, आणि कंपोस्टमधून तो येईल असं धरून चालता येत नाही. बीजप्रक्रिया केल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक (याच जिवाणूचं तयार मिश्रण) चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. गाठ नखाने फोडली की आत लालसर दिसली पाहिजे. पांढरी म्हणजे ती नत्र बांधत नाही.

पण आमच्या पोत्यावर काय छापलंय? «सोबत दुसरं काही घालायची गरज नाही.» ती ओळ वाचून तुम्ही संवर्धक टाळलं असेल, तर तुम्हाला काय म्हणायचं? ओळ काढली आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: या हंगामात, या मालाने, काही न घातलेलं बरं होतं. पण पिकलेलं कंपोस्ट कोरडवाहू जमिनीत घालायचं ते मुख्यतः ओलीसाठी. टनामागे त्यात नत्र साधारण 10 किलो, आणि पहिल्या हंगामात त्यातलं थोडंच हाती लागतं. खरा फायदा म्हणजे माती भुसभुशीत होते, पडलेलं पाणी मुरतं आणि वरच्या थरात थोडं जास्त टिकतं. ओल टिकली तर गाठीही टिकतात, सुक्या मातीत त्या लवकर निकामी होतात. म्हणून ते पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे, जमिनीत ओल असताना पसरावं आणि वखराच्या पाळीने लगेच मातीआड करावं. उन्हात उघडं राहिलं तर नत्र उडून जातं. हे एका वर्षात दिसत नाही, दरवर्षी घालत राहिल्यावर दिसतं.

तुमच्या शेतातला माल तिथेच मुरेल आणि अडकलेलं नत्र पुढे हळूहळू सुटेल, तेव्हा तो खरवडून काढू नका. आत्ताच्या पिकाला फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी द्या, 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम. कंपोस्ट विकणारा युरिया सुचवतोय म्हणून हसाल, हसा. पीक हाती येणं महत्त्वाचं.

50 पोत्यांचे पैसे परत करतोय, पावतीचा फोटो तेवढा पाठवा. त्या लॉटची उरलेली पोती रिकामी करून माल परत ढिगावर टाकलाय. तुम्ही दिलेला तारा तसाच राहू द्या. त्याच लॉटचा माल आणखी कोणी नेला असेल, तर त्यांना तो दिसू दे.