खुलासा: श्रवणदोष 40 टक्क्यांहून कमी असला तरी कॉलेजला हात झटकता येत नाहीत

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर कर्णबधिर विद्यार्थ्याला कॉलेजात कसलीच सोय मागता येत नाही.’ हे चूक आहे. आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत ते वाचून मुलं गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं.

40 टक्क्यांची अट आहे ती आरक्षणाला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात, त्यासाठी ती लागते. कलम 16 मात्र वेगळं आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, असं ते सांगतं. तिथे टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2021 मध्ये यूपीएससी परीक्षेसाठी लेखनिक मागणाऱ्या विकास कुमार यांच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केलं.

सोयी तरी केवढ्या? पुढच्या बाकावर जागा, नोट्स आधी मिळणं, व्हिडिओला सबटायटल्स, तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून देणं. प्राध्यापकांनी फळ्याकडे वळून बोलू नये, कारण ओठ दिसले नाहीत की निम्मं वाक्य हातचं जातं. श्रवणयंत्र असलं तरी पंख्यांची घरघर आणि खिडकीबाहेरची लोकल त्यात तितकीच मोठी होते. सांकेतिक भाषा वापरणाऱ्यांना दुभाषी हवा.

श्रवणचाचणी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत होते. अहवाल जोडून प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या.