हाक मारली की कोमातून उठतात म्हणे!

‘मालिकांना नावं ठेवू नका, त्यातून घरबसल्या वैद्यकीय ज्ञान मिळतं’ असा चार मुद्द्यांचा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दुर्लक्ष केलं असतं. पण ज्यांचा मुलगा आयसीयूत आहे अशा ओळखीच्या काकूंना तो कुणीतरी ‘धीर यावा’ म्हणून पाठवला, तेव्हा राहवेना.

पहिला मुद्दा : जवळच्या माणसाने मनापासून हाक मारली की कोमातला पेशंट जागा होतो. म्हणजे मुलगा उठला नाही तर आईची माया कमी पडली, असंच ना? २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अमेरिकेतल्या ९ मालिकांमधल्या कोमाची मोजदाद छापली होती. दहा वर्षांत ६४ पात्रं कोमात गेली, त्यातली ५७ ठणठणीत बरी झाली आणि त्यांतल्या ४९ जणांना शुद्धीवर आल्याच दिवशी कसलंही व्यंग उरलं नव्हतं! आपल्याकडच्या मालिका मोजल्या तर वेगळं काय निघणार?

खरा पेशंट टप्प्याटप्प्याने शुद्धीवर येतो. आधी चिमटा काढल्यावर हात हलतो. मग डोळे उघडतात, पण नजर ठरत नाही. पुढे कधीतरी ‘हात दाबा’ म्हटल्यावर बोटं आवळली जातात. डोळे, बोलणं आणि हालचाल बघून डॉक्टर ३ ते १५ गुण देतात. ८ किंवा त्याखाली म्हणजे प्रकरण गंभीर. घशात नळी असताना आवाजच फुटत नाही, त्यामुळे शुद्धीवर येताच खलनायिकेचं नाव सांगणं राहूच द्या. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याची जखम होते, सांधे रोज हलवले नाहीत तर आखडतात. नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया. हे कुठल्या एपिसोडमध्ये दिसलं?

ओळखीच्या आवाजाचा थोडा उपयोग होत असेल, एवढं मान्य. नर्सही ‘बोलत राहा’ सांगतात. जरूर बोला, पण तो उठला नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

दुसरा : सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचा उपाय, मालिका बघून शिकता येतो. कसा येईल? समोरचा नट जिवंत असतो, म्हणून कोपरं वाकवून दाबल्यासारखं करतात. खरं करताना कोपरं ताठ, तळहात छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि मॉनिटरवरच्या सरळ रेषेला शॉक देत नाहीत.

तिसरा, किडनी एका रात्रीत मिळते. नात्याबाहेरच्या दात्याला १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार समितीची परवानगी लागते. पुढे.

चौथा : सून मंगळसूत्र विकून ऑपरेशनचे पैसे भरते, त्यातून त्याग शिकावा. विकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा की! पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन अॅडमिट केल्या दिवशीच अर्ज द्या. डिस्चार्जच्या वेळी बिल हातात आल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर ते लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.